येझदीचं सील आणि द्राक्षबागेचा पंप

नाशिक, रविवार

प्रिय पम्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा दोन्ही हात ग्रीसमध्ये होते, म्हणून "सील मिळालं" एवढंच सांगून ठेवला. तू दिवाळीनंतर इंजिन खोलणार म्हणालास, तर आता सविस्तर लिहितो. शिवाय पत्रात तू मधेच तोंड घालू शकत नाहीस.

आधी धुराचं. टू-स्ट्रोक धूर काढणारच, पेट्रोलमध्ये ऑईल आपणच ओततो. पण माझी जुनी येझदी रोडकिंग काढत होती तो धूर निराळा होता. इंजिन चांगलं तापलं तरी विरळ होईना, आणि वास गिअर ऑईलचा. अशोकस्तंभाच्या सिग्नलला मागचा रिक्षावाला हॉर्न द्यायचं सोडून तोंडाला रुमाल लावून बसला होता, यावरून ओळख. एक मिस्त्री म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बोअर करून टाकू." मी गिअरबॉक्सचं ऑईल काढून मोजलं. घातलं होतं त्याहून बरंच कमी, आणि गाडीखाली फरशीवर डाग नाही. मग गेलं कुठं?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटीच, पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. क्लचकडच्या क्रँक सीलची, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याची, लिप (शाफ्टला टेकणारी कड) गेली असेल तर तीच ओढ गिअर ऑईलही आत घेते, ते जळतं आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. डायनामोकडचं सील गेलं तर मात्र धूर नाही. बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी रेस घेत राहते आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होतो. मला विचारशील तर हे दुसरं जास्त भयंकर, कारण ते गुपचूप चालू असतं. म्हणून इंजिन खोललंस की दोन्ही बदल, कंजुषी करू नकोस.

आता शोधाचं. द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यात पार्टवाल्यांकडं "येझदी" म्हटलं की माणूस आधी हसतो, मग त्याच्या काकांकडं कशी लाल जावा होती ते सांगतो, मग "नाही" म्हणतो. एकानं नव्या येझदीच्या शोरूमला जायला सांगितलं. अरे, ती २०२२ मध्ये आलेली गाडी फोर-स्ट्रोक, ३३४ सीसी, पाण्यानं थंड होणारी. आपल्या गाडीशी तिचं नातं टाकीवरच्या नावापुरतं.

शेवटी एका जुन्या दुकानात मळकट पुडी निघाली. "ओरिजनल आहे, कंपनीचा माल," म्हणत त्यानं असा भाव सांगितला की मी पुडी आधी काउंटरवर ठेवली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. म्हणजे माल खरा असेल तर रबर तीस वर्षांच्या आसपासचं, खोटा असेल तर ओरिजनल कसला? सील काढून लिप नखानं दाबली. चांगलं रबर लगेच परत येतं. हिला नखाचा वण तसाच राहिला आणि वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या. पुडीत ठेवल्यानं रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. आपले क्लबवाले अशा पुड्यांसाठी भांडतात ते मला तेव्हापासून खुळचटपणा वाटायला लागलंय. टाकीचा बिल्ला जुना शोधा, सील कशाला?

सील मिळालं ते सातपूरला. एमआयडीसीकडं पंपांची आणि गिअरबॉक्सची सीलं विकणारी दुकानं आहेत ना, तिथं. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस, त्यामुळे काउंटरवर दिंडोरी-निफाडचे बागायतदार. कुणाचा ब्लोअर गळतोय, कुणाच्या फवारणी पंपाला प्रेशर नाही, आणि प्रत्येकाला आजच औषध मारायचंय. माझा नंबर आल्यावर मी गाडीची कहाणी सुरू केली तर मालक म्हणाले, "गाडी राहू द्या हो, माप सांगा."

बस, एवढंच आहे. सीलला गाडी कळत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, झालं. येझदी म्हणजे मूळची जावाच, आणि जावा मुळात चेक, सगळं मिलिमीटरमध्ये, त्यामुळे तिची मापं बाजारात सापडतात. सीलच्या रबरात दोन जाती. काळं नायट्राइल शंभर अंशांच्या आसपास तग धरतं. व्हायटॉन त्याच्या दुपटीपर्यंत जातं आणि पेट्रोललाही दाद देत नाही. महाग आहे, तरी मी व्हायटॉनच घेतलं.

माझी मापं मात्र मुद्दाम कळवत नाही. तुझी गाडी किती हातांतून गेलीय कोण जाणे, कुणी हाउसिंग (सील बसतं ती जागा) बोअर करून स्लीव्ह बसवली असेल. तू स्वतः व्हर्निअर लावून शाफ्ट आणि हाउसिंग मोज. जुनं सील मोजू नकोस, ते दबून पसरलेलं असतं. जाडी किंचित कमी चालेल, जास्त चालणार नाही. शाफ्टवर नख फिरव. जुन्या लिपनं चरा पाडला असेल तर नवं सील थोडं आत-बाहेर बसव, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर फिरेल. बसवताना चावीच्या खाचेवर टेप गुंडाळ, लिपला ग्रीस लाव आणि पाइपाच्या तुकड्यानं चारही बाजूंनी सारखं ठोक. आमच्या मिस्त्रीबुवांना सरळ हातोडाच घालायचा होता, मी हात धरला.

परवा त्र्यंबक रोडनं अंजनेरीच्या पुढं जाऊन आलो. धूर आता नेहमीचा, सकाळी थोडा आणि मग जवळजवळ नाही. परत आल्यावर गिअर ऑईल पाहिलं, पातळी जागच्या जागी.

गिअर-किकच्या शाफ्टपाशी मात्र अजून पाझरतंय. ते तू मागं कसं बंद केलं होतंस, नवी ओ-रिंग घालून की बुश बदलून? आणि नाना पेठेत गेलास तर इग्निशनच्या पॉइंटचा सेट बघून ठेव, पण पुडी उघडून बघ.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या