सरकलेला छाप, चिकटलेलं नाणं

इंदूर,
गुरुवार रात्र

प्रिय अन्या,

बापूकाकांच्या डब्यातल्या जुन्या नाण्यांचे फोटो पोचले. फोनवर सांगायला बसलो असतो तर तू मध्येच "पण किती येतील ते सांग" म्हणाला असतास, म्हणून लिहितोय. निवांत वाच.

आधी त्या जॉर्ज पंचमच्या पाव आण्याबद्दल, कारण बापूकाकांच्या डब्यात खरा जीव त्यातच आहे. एका बाजूला राजाचं डोकं नेहमीसारखं उठावाचं, आणि दुसऱ्या बाजूला तेच डोकं, पण उलटं आणि आत खचलेलं. याला आपल्याकडचे व्यापारी 'लाखी' म्हणतात. टांकसाळीत होतं असं की, पाडलेलं नाणं बाहेर न पडता खालच्या किंवा वरच्या ठशाला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका अंगाला खरा ठसा भिडतो आणि दुसऱ्या अंगाला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं. तुझ्या नाण्याच्या वेळी आधी पाडलेलं नाणं तारखेच्या बाजूच्या ठशाला चिकटलं होतं, म्हणून त्याचं डोकं तुझ्या नाण्यात रुतलं आणि तारीख छापलीच गेली नाही.

आता खरं-खोटं. दोन नाणी शिकंज्यात आवळून घरबसल्या लाखी बनवणारे महाभाग आहेत. त्यांचं काम पकडायला फार अक्कल लागत नाही. शिकंज्यात दाबलं की दुसऱ्या बाजूचा चांगला उठाव चेपतो. राजाच्या गालावर, मुकुटाच्या कडेला सपाट चकाकी येते. शिवाय खचलेल्या चेहऱ्याखाली मूळ अक्षरांची भुतं राहतात. टेबललॅम्प बाजूला, अगदी आडवा ठेव आणि नाणं बोटांत हळूहळू फिरव. खचलेल्या बाजूला कुठे 'वन क्वार्टर ॲना'तल्या एखाद्या अक्षराची रेघ उमटते का बघ. तुझ्या फोटोत मला तसं काही दिसलं नाही, आणि उठावाच्या बाजूला मुकुटाची नक्षी तीक्ष्ण आहे. चेहराही पसरलेला नाही. चिकटलेलं नाणं जितके जास्त घाव खातं तितकं ते पसरतं आणि पुढच्या लाखींवरचा चेहरा फुगत जातो. तुझं नाणं पहिल्या एक-दोन घावांतलं असावं. हौशी लोक यालाच जास्त मोजतात.

तू विचारलंस, तारीखच नाही तर साल कसं काढायचं? इथे गंमत आहे. 1911 साली जॉर्ज पंचमची पहिली नाणी निघाली तेव्हा त्याच्या वस्त्रांवरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, 1912 पासून हत्ती नीट केला. म्हणजे लाखीवर 'डुकरा'चा छाप असता तर साल बिनचूक 1911, आणि किंमत कुठल्या कुठे. तुझ्या हत्तीला सोंड आहे, चांगली लांब आहे. तेव्हा 1912 ते 1936, एवढंच म्हणता येतं. टांकसाळीची खूणही तारखेच्या बाजूलाच असते, त्यामुळे मुंबई की कलकत्ता हे विसर.

यावरूनच तुझ्या भाच्याचं. तो म्हणतो अमेरिकेतल्या लिलावात टाकू. अजिबात नको. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, आणि हे नाणं शंभरीच्या अलीकडचं की पलीकडचं हे सिद्ध करायला तुझ्याकडे तारीखच नाही. विकायचं तर इथल्याच लिलावात.

सूर्याचा चेहरा छापलेल्या त्या सूर्यमुखी रुपयाबद्दल मात्र तुझा हिरमोड करणार आहे. विकणाऱ्याने काकांना दिलेल्या पाकिटावर 'एरर, ऑफ सेंटर', म्हणजे छाप सरकल्याची चूक, असं लिहिलंय म्हणतोस. अरे, तो आमच्या होळकरांचा हातघावाचा रुपया आहे! ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, हातोडा जिथे पडेल तिथली अक्षरं उमटायची, बाकीची हवेत. असा प्रत्येक रुपया सरकलेलाच. ज्या पद्धतीत एक नाणं दुसऱ्यासारखं निघेल अशी हमीच नव्हती, तिथे चूक कुठली काढणार? त्याचं मोल सूर्य किती पूर्ण आलाय, साल वाचता येतंय का आणि झीज किती झालीय यावर. शहाआलमचं नाव बघून तो मोगलांचा समजू नकोस. शहाआलम 1806 मध्येच वारला, पण होळकरांच्या रुपयावर त्याचं नाव पुढे कित्येक दशकं चालू राहिलं. त्यावरचं हिजरी साल वाचता आलं तर त्यातून तीन टक्के वजा कर आणि 622 मिळव. 1290 असेल तर 1873 येतं. उलट 1935 सालचा यशवंतराव होळकरांचा, त्यांच्या चेहऱ्याचा अर्धा आणा जर अर्धा सरकलेला मिळाला, तर तो यंत्राचा, आणि मग ती खरी चूक. तसा दिसला तर मला आधी फोन कर, दुसऱ्या कोणाला नको.

छापलेल्या तारखेवरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. व्हिक्टोरिया राणीचे 1862 चे रुपये 1874 पर्यंत त्याच तारखेने पाडत राहिले. खरं साल नाण्यावरचे ठिपके मोजून काढावं लागतं. काकांच्या डब्यात दोन आहेत म्हणालास. ठिपके स्पष्ट दिसतील असा फोटो पाठव.

भावाचं सांगायचं तर, लिलावाच्या कॅटलॉगमधला अंदाज वाचू नकोस, शेवटच्या बोलीला हातोडा कितीवर पडला ते वाच. आणि एका विक्रीवर जाऊ नकोस. अशा नाण्यांचे गिऱ्हाईक थोडे. दोघे हट्टाला पेटले की भाव चढतो, पुढच्या लिलावात त्यातला एक आलाच नाही की तसलंच नाणं अर्ध्यात जातं. शिवाय 20 हजारांवर हातोडा पडला म्हणजे तुझ्या हातात 20 हजार येत नाहीत. घेणारा वर लिलाववाल्यांचा प्रीमियम आणि जीएसटी भरतो, तो हिशेब मनात ठेवूनच बोली लावतो. आणि तुझ्याकडूनही कमिशन कापलं जातं. ते आधी लेखी घे.

तो 'नोंदणी फी भरा, तुमच्या नाण्याला दहा लाख' म्हणणारा फोनवाला साफ लबाड आहे. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच लोकांना सावध केलंय, आमच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी फी मागणाऱ्यांशी आमचा संबंध नाही म्हणून. नंबर ब्लॉक कर.

राहिला तो स्टीलचा एक रुपया, मागची बाजू थोडी फिरलेली. तेवढं फिरणं बरंच सापडतं. भाजीवाल्याला दे.

चिंच-मीठ काहीही लावू नकोस, वहिनींनाही सांगून ठेव. पाव आण्याचं वजन सोनाराच्या काट्यावर करून कळव, 4.86 ग्रॅमच्या जवळ भरलं पाहिजे, झिजेने थोडं कमी चालेल. वजन जुळलं तर मार्चमध्ये डबा घेऊन इकडेच ये. सराफ्यातल्या माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला दाखवू, तो विकत घेत नाही, नुसता बघतो, म्हणून त्याचं खरं मानायचं. दिवसा नाणी, रात्री तिथेच भुट्टे का कीस.

काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
वसंत