सुध्यास पत्र : नवी पिढी हवीय कुणाला?

बुधवार पेठ, पुणे
जानेवारी २०२६

प्रिय सुध्या,

स.न.वि.वि. वगैरे. दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, नंतरच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला, यावर मेधाने मला पुरेसं सुनावलंय. तू परत सुरू करू नकोस. आईची साखर आटोक्यात, माझी पाठ होती तशीच. झाली तब्येत.

लिहायला बसलो कारण परवा माझ्या जुन्या गेम मशीनच्या दुकानात एक प्रकार घडला. मेधाला सांगितला तर म्हणाली, "मग बरंच आहे की!" पिंट्याला सांगितला तर त्याला त्यात लगेच धंदा दिसला. यात दुखतंय कुठे ते कळणारा तूच एक उरलास.

एक मुलगा पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून खेळायचा डबा, विकायला आला. गळ्यात हिंजवडीचं ओळखपत्र, डबा मूळ खोक्यात, बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत. फेब्रुवारी २०२१ चा, म्हणजे भारतात आला तेव्हाच्या पहिल्या लॉटमधला, ४९,९९० चा. पाच वर्षं वापरलेला. मी मनात आपला नेहमीचा हिशोब केला, निम्म्याहून जरा कमी. तो म्हणतो, "काका, मी घेतल्यावर पुढच्याच वर्षी कंपनीने पाच हजारांनी वाढवला. मला पंचेचाळीस द्या." काका म्हणाला ते सोड. मला हसायलाही आलं नाही, कारण त्याचं गणित बरोबर होतं. घासाघीस करून घेतला शेवटी. आकडा तुला सांगणार नाही, तू अप्पांना सांगशील.

त्याच संध्याकाळी एक बाई आल्या, बरोबर आठवीतला मुलगा. "दहा हजारांत काही बसेल का?" मुलगा काचेतल्या पीएस५ कडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. शेवटी त्यांना पीएस३ दिला, दोन रिमोट आणि सहा डिस्क. २००६ साली आलेलं यंत्र, आज, २०२६ मध्ये. पोरगा खूश होऊन गेला, पण माझं डोकं फिरलं ते तिथपासून.

आता पीएस२ आठव. २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आला. दोन वर्षांत १९९ झाला, २००४ मध्ये १४९, २००९ ला ९९. जुना होत गेला तसा खाली उतरत गेला आणि उतरत उतरत आपल्या गल्लीत पोचला. सोनी आता १६ कोटी विकले म्हणते. त्यातले निम्मे तरी उशिरा, स्वस्तात घेणाऱ्यांनी घेतले असणार, हा माझा अंदाज, कागद मागू नकोस. आपण गेम पार्लर टाकलं तेव्हा अमेरिकेतली पोरं पुढच्या मशीनच्या रांगेत उभी होती, म्हणून तर आपल्याला परवडलं. आपल्याकडे मशीनची नवी पिढी आली म्हणजे जुनी स्वस्त झाली, एवढाच तिचा अर्थ होता. नव्याशी आपला काय संबंध होता रे? पासोड्या विठोबापाशी उभं राहून लोक विचारायचे, "नवा आला ना, मग जुना कितीला?"

आणि आता पीएस५ सहाव्या वर्षात आहे. खाली यायचं राहिलं बाजूला, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत आणखी ५० डॉलरने चढला, ४९९ चा ५४९. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने तर एका वर्षात दोनदा भाव वाढवले. तूच मागे सिंहगड उतरताना धापा टाकत सांगितलं होतंस, चिप बारीक केली की स्वस्त पडायची ते दिवस गेले. त्यात मेमरी सगळी एआयवाल्यांची डेटा सेंटरं गिळतायत. दुकानात साधी रॅमची पट्टी मागवली तर डीलर भाव सांगण्याआधी उसासा टाकतो.

म्हणून माझा प्रश्न असा, की पीएस६ कशाला हवाय? सोनीचे मार्क सर्नी आणि चिप बनवणारे एएमडीवाले ऑक्टोबरात व्हिडिओ करून पुढच्या मशीनच्या गोष्टी सांगत होते. काही वर्षांत येईल म्हणे. येऊ दे. पण हाच डबा वीस हजारांत द्या की! मला तेवढं पुरे.

तू म्हणशील, नंद्या २००७ मध्ये होता तिथेच आहे. आहेच. काढ तो विषय, मला तो काढायचाच होता. आपल्या गल्ल्यातले सगळे पैसे घेऊन तू पीएस३ आणायला निघाला होतास, अमेरिकेत ज्याची किंमत ऐकून लोक हसत होते, ५९९ डॉलर. मी दारात आडवा उभा राहिलो. का? कारण पोरं आपल्याकडे क्रिकेट ०७ खेळायला यायची, आणि क्रिकेट ०७ होता पीएस२ आणि कॉम्प्युटरवर, पीएस३ वर तो आलाच नाही. तू अप्पांच्या देखत मला कद्रू म्हणालास आणि गणपतीपर्यंत बोलला नाहीस. आरतीला शेजारी उभा राहून टाळ मात्र माझ्या कानात वाजवत होतास. मी आजही म्हणतो, माझंच बरोबर होतं. पार्लर बंद पडलं ते मोबाइलमुळे, पीएस३ नव्हता म्हणून नाही.

तेव्हा निदान तुझ्या हट्टाला काहीतरी आधार होता हे मान्य. मेमरीचंच बघ. पहिल्या प्लेस्टेशनला मुख्य मेमरी २ एमबी. पीएस२ ला ३२. पीएस३ ला दोन तुकडे मिळून ५१२. पीएस४ ला ८ जीबी. दर वेळी सोळापट. सोळापटीत खेळ बदलतो, आंधळ्यालाही दिसतो. आणि पीएस५ ला? १६ जीबी. दुप्पट. हे मी बिलबुकाच्या मागे लिहून दुकानातल्या चिन्मयला दाखवलं, तर म्हणतो, "काका, मेमरीवर सगळं नसतं." बरोबर आहे त्याचं. पीएस४ मध्ये फिरती हार्डडिस्क होती, पीएस५ मध्ये एसएसडी आली, म्हणजे न फिरणारी, चिपवरची साठवण, सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी. तो फरक खराच. २०१८ च्या स्पायडरमॅनमध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं तर बिचारा मेट्रोत बसलेला दाखवायचे, तोवर मागे लोडिंग उरकायचं. पीएस५ वर बसायच्या आत पोचतो. आमची मंडईची मेट्रो एवढी वेगात आली असती तर मी गाडी विकली असती.

पण तो फरक थांबण्याचा होता, दिसण्याचा नाही. दिसण्याचं मी दुकानात तपासलं. दोन सारखे टीव्ही, एकाला पीएस४, दुसऱ्याला पीएस५, दोन्ही मशीन काउंटरखाली झाकून, आणि दोन्हीवर गॉड ऑफ वॉरचा रॅग्नारोक. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, नवा कुठला? लोक डोळे बारीक करून, चष्मा पुसून, छातीठोक चुकीचं सांगत होते. एक आजोबा म्हणाले, "दोन्हीकडचा दाढीवाला सारखाच चिडलाय." चिन्मयने बरोबर ओळखलं, पण विचारल्यावर कळलं की काउंटरखालच्या आवाजावरून.

आणि गंमत बघ. २०२० मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनचे प्रमुख जिम रायन सांगत होते की आमचा पिढ्यांवर विश्वास आहे, म्हणजे नव्या मशीनला त्याचे स्वतःचे खेळ हवेत. मग २०२२ मध्ये होरायझन, ग्रॅन टुरिस्मो ७ आणि हा रॅग्नारोक, तिन्ही पीएस४ वरही काढले. काढणारच. जुन्या मशीनवर कोट्यवधी लोक बसलेत, त्यांना सोडून कोण देईल? जीटीए ५ हा खेळ तर पीएस३ वर आला, मग पीएस४ वर, मग पीएस५ वर. एकच खेळ तीन पिढ्यांना विकला. जीटीएचा सहावा भाग दोनदा पुढे ढकललाय, आता १९ नोव्हेंबर २०२६ म्हणतायत. मशीन कमी पडतं म्हणून ढकलला असेल असं वाटतं तुला? माणसं कमी पडतात, वेळ कमी पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीने कोर्टात दिलेल्या कागदांवर आकडे काळ्या मार्करने खोडले होते, आणि स्कॅन केल्यावर ते खालून वाचता येत होते! (आपण दहावीच्या प्रगतिपुस्तकावर यापेक्षा सफाईने काम केलं होतं.) द लास्ट ऑफ असच्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर लागले होते म्हणे. एका खेळाला. उद्या दसपट ताकदीचं मशीन दिलंस तर ती ताकद भरायला आणखी किती माणसं आणि किती वर्षं लागतील?

उलट आपल्या पुण्यातली ती राजी घे. इथल्याच पोरांनी केलेला खेळ, नॉडिंग हेड्सवाल्यांचा. २०२० मध्ये आला, आणि पहिल्यांदा आला कुठे, तर निन्टेंडोच्या स्विच या मशीनवर. स्विच २०१७ चा, त्यातली चिप २०१५ ची. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या खेळाच्या गटात नामांकन मिळालं. सांगतोय काय, की शिळ्या चिपवर भागलं त्यांचं, आणि असल्या चिपचा स्विच १५ कोटींच्या वर खपला.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर खरी पंचाईत सांगतो. नवी पिढी नको, हे गिऱ्हाईक म्हणून माझं मत. दुकानदार म्हणून मी तिच्यावरच जगलोय. नवं आलं की लोक जुनं विकायला आणतात, तो माझा माल. नवं आलं नाही, तर विकायला येतो तो हिंजवडीचा मुलगा, पंचेचाळीस मागणारा. आणि आलं, तर त्याला डिस्कची फट असेल का? पीएस५ प्रो २०२४ मध्ये आला, ७०० डॉलरचा, आणि त्यात डिस्क ड्राइव्हच नाही, हवा तर वेगळा घ्या. (आपल्याकडे तो तेव्हा आला नाही. त्याच्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला इथे परवानगी नव्हती. सरकारने नकळत माझं दुकान राखलं.) डिस्क गेली की सेकंड हॅण्ड खेळ गेला. डाऊनलोड केलेला खेळ कोण मला अर्ध्या भावात विकणार? माझ्या भिंतीवर त्या निळ्या डब्या आहेत ना, तू हसायचास, "नंद्याची लायब्ररी" म्हणून, महिन्याचं भाडं त्यातूनच निघतं. मोठ्या सुट्टीत एकच डिस्क सदाशिव पेठेतून कोथरूडला, तिथून परत माझ्याकडे, अशी फिरते. त्या बाईंना दिलेल्या सहा डिस्कही अशाच फिरून आलेल्या.

आणि नेमका आत्ता शेजारचा बॅटरीवाला गाळा सोडतोय. मालक म्हणतो, तू घेतोस तर बाहेर बोलत नाही. भिशी मार्चमध्ये लागते, डिपॉझिट त्यात बसतं. पिंट्या म्हणतो घे आणि पीएस५ चा साठा कर, भाव चढतच राहणार. म्हणजे मी आता सोनं-चांदीवाला व्हायचं! मेधा म्हणते मोबाइलची कव्हरं ठेव. माझ्या मनात वेगळंच आहे. लोक मशीन बदलणार नसतील तर टिकवतील, आणि टिकवायचं तर दुरुस्ती लागेल. सोल्डरिंगची दोन टेबलं टाकावीत, चिन्मयला बसवावं. पोराचा हात तुझ्यासारखा आहे, स्थिर. फक्त त्याने आणखी सात-आठ वर्षं याच यंत्रांवर काम करावं लागेल असं जग हवं. ते तसं राहील का हे तूच सांग. तिकडे चिपवाल्यांत बसून काय कानावर येतं? पुढच्या डब्याला फट असणार की नाही? कंपनीची गुपितं फोडू नकोस, नुसतं "घे" किंवा "नको" म्हण.

तुझं घराचं पझेशन मिळालं का? रेवाचं नाटक बसलं असं वहिनींच्या स्टेटसवर पाहिलं, तिला शाब्बास सांग. तुझ्या गुडघ्याचं मेधा विचारत होती, मी बरा आहे असं ठोकून दिलं. अप्पा तुझी वाट बघतात, तोंडाने बोलत नाहीत, पण कॅरमला पावडर टाकून ठेवतात.

गाळ्याचं उत्तर रविवारी द्यायचंय. दुकान दहाला बंद करतो, त्यानंतर कर फोन. यावेळी उचलतो. आणि येताना माझं मेमरी कार्ड आण, ते ८ एमबीचं काळं, ज्यात माझा सॅन अँड्रियाज अर्धवट आहे. तू बंगळूरला नेलंस तेव्हापासून मागतोय. गिऱ्हाईक आलंय त्याला, चांगला भाव देतोय.

तुझा,
नंद्या