बाय, ट्रॅक सोडू नकोस

जामसंडे, देवगड

चि. बाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. "बाबा, परत दुसरीच आले," एवढंच तू मला म्हणालीस. मग आईला सांगितलंस की आता ट्रॅकवरचं सायकलिंग बंद, फक्त रोड, म्हणजे रस्त्यावरच्या शर्यती करणार. तिकडे कोणीतरी तुझ्या मनात भरवलंय की दोन्हीकडे पळणाऱ्याचं एकही काम धड होत नाही. मला हे पटलेलं नाही. का पटलेलं नाही, ते फोनवर नीट सांगता येत नाही.

सायकलपटू मारियान व्होसच्या शर्यती मोबाइलवर कशा शोधायच्या, ते तूच मला शिकवलंस. आता दुकान बंद केल्यावर मी एकटाही बघत बसतो. तिचीच कारकीर्द तुझ्यासमोर ठेवतो.

नेदरलँड्सच्या एका लहानशा गावातली ही मुलगी. 2006 साली साल्झबर्गला रोडची जागतिक विजेती झाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढे काय झालं बघ. 2007 श्टुटगार्ट, दुसरी. 2008 वारेझे, दुसरी. 2009 मेन्द्रिझियो, दुसरी. 2010 जिलाँग, दुसरी. 2011 कोपनहेगन, दुसरी. जागतिक स्पर्धेत सलग पाच वर्षं रौप्य! तिलाही घरचे, शेजारचे, पेपरवाले विचारत असतीलच ना, परत दुसरीच का म्हणून?

पण त्याच पाच वर्षांत ती आणखी काय करत होती, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 2008 मध्ये मँचेस्टरला ट्रॅकवरच्या पॉइंट्स रेसची जागतिक विजेती. 2011 मध्ये आपेलडोर्नला ट्रॅकवरच्याच स्क्रॅच रेसची (शेवटची रेषा आधी गाठेल ती जिंकली, अशी साधी शर्यत) जागतिक विजेती. आणि 2009, 2010, 2011, तिन्ही वर्षं चिखलातल्या सायक्लोक्रॉसचं जागतिक विजेतेपद. रोडवर सोनं हातातून निसटत होतं, तेव्हा तिने बाकीची दारं लावून घेतली नाहीत.

आता बीजिंगचं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र मी पाकिटात घालण्याआधी आईला वाचून दाखवणार आहे, म्हणून फोड करून लिहितो. 2008 च्या ऑलिंपिकमध्ये 10 ऑगस्टला पावसात रोड रेस झाली, त्यात मारियान सहावी. 18 ऑगस्टला ट्रॅकवर पॉइंट्स रेस. 250 मीटरचा लाकडी ट्रॅक, शंभर फेऱ्या, म्हणजे 25 किलोमीटर. दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट, पहिल्या चौघींना 5, 3, 2, 1 असे गुण. आणि कोणी सगळ्या घोळक्याला एक फेरी मागे टाकून परत पाठीमागून येऊन मिळाली, तर तिला एकदम 20 गुण. मारियानने ती फेरी मारली. तिचे 30 गुण झाले, दुसऱ्या आलेल्या क्यूबाच्या मुलीचे 18. आठ दिवसांपूर्वी रोडवर सहावी आलेली बाई ऑलिंपिकचं सोनं घेऊन घरी गेली, कारण तिने ट्रॅक सोडलेला नव्हता.

माझ्या धंद्याच्या नजरेतून सांगतो. ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नाही, ब्रेक नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरायलाच हवेत. ज्याने अशी सायकल चालवली त्याचं पेडल गोल फिरतं, नुसतं वरून दाबल्यासारखं नाही. पहिल्यांदा सुट्टीत घरी आलीस तेव्हा दुकानासमोरून गेलीस, आणि तुझ्या घोट्याकडे बघूनच मला फरक कळला. शिवाय ट्रॅकवर पुढच्या चाकापासून चार बोटांवर राहायचं, बाजूची कधी उठणार, म्हणजे एकदम वेग वाढवून सुटणार, ते तिच्या खांद्यावरून ओळखायचं, हे सगळं रोडच्या शेवटच्या किलोमीटरला लागतं. 2012 ला लंडन ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये धो धो पावसात चौघी पुढे निघाल्या. अमेरिकेची शेली ओल्ड्स पंक्चर झाली आणि मागे पडली (त्या बाईसाठी मला अजून वाईट वाटतं, चार वर्षांची मेहनत एका ट्यूबमध्ये). राहिल्या तिघी. शेवटच्या स्प्रिंटमध्ये मारियानने इंग्लंडच्या लिझी आर्मिटस्टेडला मागे टाकून सोनं घेतलं. मला त्यात बीजिंगचा ट्रॅक दिसतो.

आता तुझ्या दुसऱ्या नंबराबद्दल. कोपनहेगन आणि जिलाँगला मारियान स्प्रिंटमध्ये हरली, दोन्ही वेळा इटलीच्या जॉर्जिया ब्रोंझिनीकडून. 2012 च्या सप्टेंबरात जागतिक स्पर्धा तिच्याच देशात, वाल्केनबर्गला होती. तिथे काउबर्ग नावाचा चढ आहे आणि शेवटची रेषा चढ संपल्यावर थोडी पुढे होती. या वेळी ती स्प्रिंटची वाट बघत थांबलीच नाही. शेवटच्या फेरीत चढावरच उठली आणि एकटी रेषेपर्यंत आली. बाय, हे पुन्हा पुन्हा बघ. स्प्रिंट तिचा चांगलाच होता, पण समोरचीचा त्या दिवशी जास्त चांगला असू शकतो हे तिला पाच वर्षांत कळलं होतं.

तुला हरवते ती मुलगी शेवटच्या दोनशे मीटरला तुझ्यापेक्षा जोरात आहे. आहे तर आहे. तिला ताजीतवानी ठेवून तिथपर्यंत नेऊच नकोस. तू वाढलीस कुठे ते आठव. देवगड ते आचऱ्यापर्यंत रस्ता कुठे सपाट आहे? खाडीपाशी उतरायचं, पूल ओलांडायचा, की लगेच सड्यावर चढायचं. वर पोचेपर्यंत दम लागलेला, आणि कातळावर आडवा वारा तयारच. कुणकेश्वरहून परत येताना तू त्या वाऱ्यात माझ्या स्कूटरच्या आडोशाला यायला नाही म्हणायचीस. व्होसच्या देशात डोंगर नाहीत, वारा मात्र असाच अंगावर येतो, आणि तिथली पोरं त्यातच तयार होतात. शर्यतीत चढ असेल तिथे ऊठ. आडवा वारा असेल तिथे ऊठ. तीन वेळा जमणार नाही, चौथ्यांदा जमेल.

मात्र शरीर थांब म्हणालं तर थांबायचं, हेही तिच्याकडूनच घे. 2015 मध्ये मांडीच्या मागचा स्नायू दुखावला, त्यात अतिसरावाचा थकवा, आणि जवळजवळ अख्खं वर्ष ती शर्यतीबाहेर होती. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती नववी आली, पण त्या दिवशी ती मुख्यतः आपल्या संघातल्या आना व्हान डर ब्रेगनसाठी राबली, आणि सोनं आनाला मिळालं. त्या वेळी पुष्कळांनी तिला संपलेली धरलं असेल. 2022 मध्ये बायकांची टूर द फ्रान्स नव्याने सुरू झाली, त्यासाठी 2013 मध्ये तिने इतर तिघींबरोबर मागणी लावून धरली होती. त्या पहिल्याच वर्षी तिने दोन टप्पे जिंकले, काही दिवस एकूण आघाडीची पिवळी जर्सी घातली आणि गुणांसाठीची हिरवी जर्सी घरी नेली. गुडघा दुखत असताना तू सरावाला गेलीस असं तुझ्या रूममेटकडून आईला कळलं. ते मला अजिबात आवडलेलं नाही.

आणि पॅरिस ऑलिंपिक. 4 ऑगस्ट 2024, आपल्याकडे रात्र झाली होती, बाहेर पाऊस ओतत होता, आणि आजीसकट आम्ही सगळे मोबाइलभोवती. अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर शेवटच्या तीन किलोमीटरला सुटली ती सुटलीच. मागे दुसऱ्या जागेसाठी घासाघीस झाली आणि मारियानने बेल्जियमच्या लोटे कोपेकीच्या पुढे चाक घातलं. सदतिसाव्या वर्षी रौप्य. पहिल्या जागतिक विजेतेपदानंतर अठरा वर्षांनी! मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्या रौप्याला कमी म्हणणाऱ्याला सायकल कळत नाही.

हे परदेशातलं झालं असं म्हणशील, तर कार निकोबार बघ. देबोरा हेरॉल्ड तिथली, 2004 च्या त्सुनामीत झाडाला धरून राहिलेली मुलगी, ती पुढे दिल्लीच्या वेलोड्रोमवर (ट्रॅक सायकलिंगच्या मैदानावर) देशाची स्प्रिंटर झाली. एसो आल्बनही त्याच बेटावरचा. 2018 मध्ये त्याने ज्युनियर जागतिक स्पर्धेत केइरिन या ट्रॅकवरच्या शर्यतीचं रौप्य घेतलं, भारताला सायकलिंगमध्ये जागतिक पातळीवर मिळालेलं ते पहिलं पदक. त्या बेटावर ना वेलोड्रोम, ना मोठी दुकानं. समुद्राकाठची पोरं या खेळात मागे पडत नाहीत.

तेव्हा या मोसमात ट्रॅक आणि रोड दोन्ही कर. पुढच्या वर्षी शरीर काय सांगतं ते बघून तू ठरव, आम्ही तुझ्या मागे आहोत. पैशाची काळजी तू करायची नाहीस. आंब्याच्या हंगामात डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्यांची कामं बरीच आली, टायरचे पैसे बाजूला ठेवलेत.

आजी विचारते, "चेडवाक थंय पोटभर जेवाक गावता मां?" तिला खरं उत्तर लिही.

एसटीच्या पार्सलने कोकमं, मेतकूट आणि चेनसाठी ऑइलची बाटली पाठवतोय. रोडची सायकल इथल्या खाऱ्या हवेत राहून गेलीय, तिच्या बॉटम ब्रॅकेटमधून (पेडलांच्या मधल्या आसातून) आवाज येतो का ते कान लावून ऐक आणि सांग. ट्रॅकच्या सायकलला पुढे किती दाते आणि मागे किती लावलेत, तेही कळव. मागचं एक दाताने लहान करून बघावं असं मला वाटतं, पण आधी कोचना विचार.

तुझे,
बाबा