रबर पिळतं, बॉल घासतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या सस्पेन्शनवर आलेला लेख माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, ही तुमचीच गोष्ट आसा.' लोअर आर्ममधले रबरी बुश काढायचे, तिथे लेथवर खास कातून घेतलेल्या हाउसिंगमध्ये, म्हणजे लोखंडी कड्यात, स्फेरिकल (गोळ्याचं) बेअरिंग बसवायचं, की गाडी एकदम शर्यतीच्या गाडीसारखी वळते, असा तो लेख. शेवटी एक ओळ होती : कुठल्याही चांगल्या लेथवर हे काम अर्ध्या दिवसात होतं.

तो लेथवाला मी. कुडाळच्या एमआयडीसीत ३१ वर्षं माझा लेथ चालतो. हे काम मी केलंय, अर्ध्या दिवसात झालेलं नाही आणि झाल्यावर पुढे काय झालं ते लेखात नाही. म्हणून लिहितो. पत्र लांबलं तर कातरा, पण मापं कापू नका.

माझं रोजचं काम म्हणजे मच्छीमार बोटींचे शाफ्ट, चिरेखाणीच्या मशीनची स्पिंडलं, भातगिरणीचे रोलर. मोटारीचं काम सहसा घेत नाही, कारण मोटारवाल्याला नेहमी काल पाहिजे असतं. पण भाचा म्हणजे भाचा. पुण्यात नोकरी, १२ वर्षांची जुनी हॅचबॅक आणि तिच्यावर सगळा जीव. मे महिन्यात आंबे न्यायला आला तेव्हा डिकीतून आंब्यांच्या रिकाम्या पेट्या निघायच्या ऐवजी दोन लोअर आर्म निघाले आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली चार बेअरिंग.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी : पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा एल आकाराचा हात म्हणजे लोअर आर्म. त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट, तो चाकाकडे. उरलेली दोन टोकं गाडीच्या सांगाड्याला दोन बुशांनी जोडलेली. बुश म्हणजे लोखंडी नळीत दुसरी नळी आणि दोन्हींना चिकटवलेलं मधलं रबर. आतली नळी बोल्टने आवळली की ती हलत नाही. चाक वरखाली झालं की मधलं रबर पिळलं जातं, मग परत सरळ होतं. पिळतं, घासत नाही. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, आणि फटच नसल्याने माती शिरत नाही. इतकी साधी, इतकी हुशार वस्तू माझ्या दुकानात दुसरी नाही.

त्यात खोट एकच. रबर दबतं. जोरात ब्रेक मारला की आर्म किंचित मागे सरकतो, चाकाचा टो आणि कॅस्टर, म्हणजे चाक उभं राहण्याचे कोन, किंचित बदलतात, स्टिअरिंग क्षणभर सैल वाटतं. स्फेरिकल बेअरिंगमध्ये बाहेर रिंग असते, आत आरपार भोकाचा गोळा. गोळा हवा तसा कलतो, पण जागेवरून हलत नाही. दबणं संपलं. भाच्याला तेच हवं होतं, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

आता काम. पहिल्या आर्ममधला बुश प्रेसवर ढकलून काढला आणि भोक मापलं. पत्र्याचे दोन फाळके वेल्ड करून बनवलेला आर्म, त्याचं भोक गोल कुठलं! आडवं मापलं ते वेगळं, नव्वद अंशांत फिरवून मापलं तर पंधरा शतांश मिलिमीटर जास्त. रबरी बुशाला एवढं खपतं. बेअरिंगला खपत नाही, रिंगही तशीच लंबगोल होते. म्हणून आधी भोक मिलिंगवर गोल करून घ्यायचं, तेही जपून, कारण नळी पातळ. आणि आर्म धरणार कशात? सपाट अशी जागाच नाही त्याला. नुसतं धरायचं जिग बनवण्यात माझा एक दिवस गेला.

मग ईएन-८ जातीच्या स्टीलच्या बारमधून लेथवर हाउसिंग कातलं. बाहेरून आर्मच्या भोकात प्रेसने बसेल असं, आतून ३५ मिलिमीटर, एका अंगाला खांदा, दुसऱ्या अंगाला सर्कलिपची, म्हणजे बेअरिंग अडकवून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची, खाच. बेअरिंग आतून २०, बाहेरून ३५ चं आणि गाडीचा बोल्ट १२ चा, म्हणून गोळ्यात दोन्हीकडून बसणारे टोपीसारखे स्पेसर. आतल्या ३५ ला जे एच-७ माप म्हणतात त्यात पस्तीसच्या खाली जायचं नाही आणि वर फक्त पंचवीस मायक्रॉन. आम्हा जुन्यांच्या भाषेत एक थाऊ. आपलं वर्तमानपत्र छापता तो कागद याच्या दुपटीहून जाड आहे.

पहिलं हाउसिंग मी ३४.९८ ला सोडलं. हाताची सवय, घट्ट बसलेलं बरं म्हणून. बेअरिंग प्रेसने सरळ आत गेलं, छान बसलं, आणि गोळा बोटाने हलेना. रिंग चेपली होती. काढताना गोळा आणि रिंग यांच्यामधलं टेफ्लॉनचं अस्तर फाटलं आणि भाच्याला नागदेवीला पाचव्या बेअरिंगची ऑर्डर द्यावी लागली. तो काही बोलला नाही. मला तेच जास्त लागलं. दुसरं हाउसिंग ३५.०१ ला आलं. गोळा अंगठ्याने जड जड फिरत होता, खडखड नव्हती. असा पाहिजे. एकूण पाच दिवस.

गाडीचं अलाइनमेंट करून आम्ही आंबोली घाटात गेलो. खोटं बोलणार नाही, मजा आली. वळणात स्टिअरिंग धरलं तिथेच गाडी, एक केसभर इकडे नाही. भाचा गप्प, मी गप्प, दोघंही हसतोय. उतरून मालवणच्या रस्त्याला लागलो आणि प्रत्येक खडा तळपायाला कळायला लागला. महामार्ग आमच्या जिल्ह्यात चौपदरी झाला, तो ठीक आहे. खरी परीक्षा आतल्या रस्त्यांची, जिथे खड्डा बुजवायला खडी टाकतात आणि पहिल्या पावसात तीच खडी खड्ड्याबाहेर बसलेली असते. मागच्या सीटवर आमची मंडळी होती. 'ह्येच्यापेक्षा एस्टी बरी,' इतकंच म्हणाली आणि पुढे तासभर काही बोलली नाही.

जून ते ऑगस्ट गाडी मालवणात भावोजींकडे होती, बंदराच्या जवळ. चवथीला भाचा आला आणि दुसऱ्याच दिवशी फोन.

'मामा, पुढसून टक-टक आवाज येता.'

'खंयसून?'

'डावीकडसून. स्पीडब्रेकरार.'

डावीकडून येणारच. डावं चाक रस्त्याच्या कडेने जातं, सगळा चिखल आणि साचलेलं पाणी त्याच्या नशिबी. आर्म उतरवला, सर्कलिप काढली, बेअरिंग हातावर घेतलं. टेफ्लॉनचं अस्तर एका अंगाने झिजून सुटलं होतं. गोळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, आणि रिंगच्या आत विटकरी रंगाचा लेप. बोटांत चोळला तर कुरकुरला. हा लेप मला नवा नव्हता. चिरेखाणीच्या मशीनचं स्पिंडल उघडलं की आत हाच असतो : जांभ्याची लाल माती आणि पाणी. तिथे पॉलिश पेपरचं काम करतो तो, इथेही त्याने तेच केलं. वर मालवणची खारी हवा, आणि गोळा साध्या क्रोम स्टीलचा, स्टेनलेस नाही.

आणि हे मला माहीत नव्हतं का? बोटीच्या स्टर्न ट्यूबला, म्हणजे पंख्याचा शाफ्ट ज्यातून बाहेर जातो त्या नळीला, ग्रीस भरून ठेवतात ते खारं पाणी आत येऊ नये म्हणून, हे मी पोरगा असल्यापासून बघतोय. जिथे दोन धातू घासतात तिथे कोकणात समुद्र येतोच. गाडी काय, रस्त्यावर चालते, असं म्हणून विसरलो. यापेक्षा वेगळं कारण नाही.

आणखी एक गोष्ट दिसली ती मला जास्त टोचली. सांगाड्याच्या ज्या कानाला आर्मचा बोल्ट लागतो, तिथे भोकाभोवतीचा रंग उडून पत्रा चमकायला लागला होता. तडा नव्हता. पण खड्ड्याचा जो दणका आधी रबर गिळत होतं तो आता बोल्टमार्गे सरळ सांगाड्याला बसत होता, हे त्या चमकेवरून दिसत होतं. शर्यतीच्या गाड्यांना हे बेअरिंग लावतात, खरं आहे. पण ती माणसं शर्यत झाली की गाडी उघडतात. भावोजी गाडी उघडत नाहीत. भावोजी मासळी आणतात.

लेखात न आलेली एक गोष्ट, आणि ही फुकट आहे. माझ्याकडे 'बुश सहा महिन्यांत फाटला' म्हणून जे येतात त्यांना मी विचारतो, नट कधी आवळला? उत्तर ठरलेलं : जॅकवर. गाडी जॅकवर असते तेव्हा चाक खाली लोंबतं, आर्म खाली कललेला असतो. त्या स्थितीत बोल्ट घट्ट केला की आतली नळी तिथेच पकडली जाते. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. मग प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळतं आणि एक दिवस फाटतं. नट हलकेच लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, नट शेवटचा घट्ट आवळायचा. खाली शिरायला जागा नसेल तर गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या. एवढं केलं तरी ज्यांना गाडी 'ढिली' वाटते त्यांच्यातले बरेच जण बेअरिंगचं नाव काढणार नाहीत. नवा रबरी बुश नीट आवळलेला असेल तर तो ढिला नसतो.

पॉलीयुरेथेनच्या बुशाचंही विचारतात. तो रबरापेक्षा कडक असतो, पण नळीला चिकटवलेला नसतो, बोल्टाच्या नळीवर फिरतो. म्हणजे तोही घासणाऱ्यांतलाच. ग्रीस सुकलं की किंचाळतो.

तरीही कुणाला बेअरिंगच हवं असेल तर मी नाही म्हणत नाही. पण मग गोळा स्टेनलेसचा घ्या, दोन्ही तोंडांना रबरी बूट लावा, आणि टेफ्लॉन अस्तराच्या बेअरिंगला प्रेमाने ग्रीस फासू नका. त्याला ते नको असतं, उलट माती धरून ठेवतं. स्टीलवर स्टील घासणाऱ्या जातीला मात्र ग्रीस लागतंच, वेळेवर. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना रिंगपेक्षा मोठा वॉशर हवाच. रबर फाटलं तरी नळीत नळी अडकून राहते. बेअरिंगची रिंग उघडली तर गोळा बाहेर येतो आणि आर्म सुटतो. तो वॉशर अशा वेळी तुम्हाला घरापर्यंत आणतो. माझ्या पहिल्या जोडीत मी तो लावला नव्हता, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. ॲल्युमिनियमचा फोर्ज केलेला आर्म असेल तर त्यावर वेल्डिंग करायला कुणी तयार झाला तरी तुम्ही तयार होऊ नका. वेल्डच्या उष्णतेने त्याचा कडकपणा जातो आणि वरून दिसत काही नाही. कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेर सुटे भाग बदलून गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर आर्मवरचं माझं हाउसिंग बघून काय लिहील, ते मला विचारू नका.

माझ्या धंदेबंधूंना एकच सांगायचंय. गिऱ्हाईक आर्म घेऊन आलं तर भोक आतून बारीक मापणारा डायल बोअर गेज असेल तरच हात लावा. व्हर्नियरवर हे काम करू नका. ते भातगिरणीला चालतं.

भाच्याच्या गाडीत आता पुन्हा रबरी बुश आहेत, गाडी चाकांवर उभी ठेवून आवळलेले. आंबोलीला परत जाऊन आलो. पूर्वीइतकी तिखट नाही वळत. मंडळी यावेळी मागे झोपली होती.

आपल्या लेखकमहाशयांना माझा निरोप द्या. त्यांची गाडी एक पावसाळा कोकणात काढून झाली की कुडाळला घेऊन यावं. सर्कलिप काढून बेअरिंग दाखवायला मला पाच मिनिटं पुरतात. आर्म उतरवायला मात्र दोन तास धरून या, नट गंजलेले असतील.

आपला,
एक टर्नर
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग