२८ दिवस पूर्ण होण्याआधीच व्हिसा अर्ज भरल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. संचालक,
परदेशी शिक्षण सल्ला केंद्र,
धरमपेठ, नागपूर

विषय : मुलीचा यूके स्टुडंट व्हिसा आपल्या चुकीमुळे नाकारला गेल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या मुलीच्या व्हिसाचे सगळे काम आम्ही आपल्यावर विश्वासाने सोपवले होते. व्हिसा नाकारला गेला. नकारपत्रात कारण एकच आहे : आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस नव्हती.

हा नियम नवा नाही. उरलेली फी आणि राहण्याचा खर्च मिळून होणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला हवा, हे या व्यवसायातल्या माणसाला पाठ असायला हवे. आमची ठेव पतसंस्थेत होती. ती चालणार नाही, पैसे बँकेत आणा, असे आपल्याच कौन्सेलरने सांगितले, म्हणून मुदतीआधी ठेव मोडली, व्याजावर पाणी सोडले. रक्कम २ जूनला माझ्या खात्यात जमा झाली आणि आपण २४ जूनला अर्ज भरून मोकळे झालात! कोर्स सप्टेंबरचा होता. जून संपेपर्यंत थांबायला काय हरकत होती? "दिवस भरले का?" असे मुलीने व्हॉट्सॲपवर विचारले होते. "हो, सगळं चेक केलंय," हे आपल्या कार्यालयाचे उत्तर मी जपून ठेवले आहे.

अर्जासाठीचा ईमेल आपणच उघडला, पासवर्डही आपल्याकडेच. त्यामुळे नकार आल्याचे आम्हाला आम्ही फोन केला तेव्हा कळले.

पण मला सर्वांत जास्त संताप पुढच्या गोष्टीचा आहे. नवा अर्ज भरताना "पूर्वी व्हिसा नाकारला होता का?" या प्रश्नाला 'नाही' लिहा, असा सल्ला आपल्या कौन्सेलरने मुलीला दिला. खोटी माहिती उघड झाली तर यूकेत दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. आपली चूक झाकण्यासाठी आपण तिचे भवितव्य पणाला लावत होता. तिने साफ नकार दिला, याचा मला आई म्हणून अभिमान आहे.

व्हिसा फी तर गेलीच. एक कॅस (प्रवेश पक्का झाल्याचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र, ज्याचा क्रमांक व्हिसा अर्जात द्यावा लागतो) एकाच अर्जाला चालतो, त्यामुळे आता विद्यापीठाकडून नवा घ्यावा लागेल. प्रवेशही जानेवारीवर गेला. यूकेतल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसा अर्जासोबत भरलेला आरोग्य अधिभार नकारानंतर परत मिळतो, पण तो ज्या कार्डावरून भरला त्याच कार्डावर जमा होतो, आणि कार्ड आपल्या कार्यालयाचे होते. आम्ही आपल्याला रोख दिलेली ती रक्कम आजवर आमच्यापर्यंत आलेली नाही.

आपले सेवाशुल्क, व्हिसा फी आणि हा अधिभार १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावा. ईमेलचा पासवर्ड आणि मुलीच्या मूळ गुणपत्रिका मात्र लगेच हव्यात, नव्या अर्जाचे काम त्यावाचून अडले आहे. चूक कोणाची झाली, हेही लेखी कळवावे. "व्हिसाची गॅरंटी कोणीच देत नाही" हे उत्तर मला फोनवर मिळाले आहे. गॅरंटी आम्ही मागितलीच नव्हती. कॅलेंडर पाहून अर्ज भरण्याचे पैसे दिले होते.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावत्या, बँक स्टेटमेंट, नकारपत्र आणि व्हॉट्सॲप संभाषणाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
विद्यार्थिनीची आई
नंदनवन, नागपूर