एकाच रकान्यात काच आणि खिडकी: उत्पादन सूचीबद्दल तक्रार

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि तांत्रिक समिती

विषय: सभासदांच्या उत्पादन सूचीतील खिडक्यांच्या यू-व्हॅल्यूचे चुकीचे आकडे आणि न मिळालेल्या प्रशिक्षणाच्या जागा

महोदय / महोदया,

आमची कंपनी गेली ४ वर्षे आपल्या संस्थेची कॉर्पोरेट सभासद आहे. आम्ही खिडक्या आणि दारे बनवतो. कारखान्यात २२ माणसे आहेत. वर्गणी आम्हाला जड जाते, तरी ती एकदाही उशिरा भरलेली नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या इमारतींसाठी काम करणारी, नफा न घेणारी संस्था एखादा आकडा छापते तेव्हा आर्किटेक्ट तो पुन्हा तपासत बसत नाहीत. त्या विश्वासासाठीच आम्ही सभासद झालो. यंदाच्या सूचीने त्याला तडा गेला आहे. दोन महिने फोन आणि ई-मेल करूनही दुरुस्ती झाली नाही, म्हणून हे पत्र.

खिडक्यांच्या तक्त्यात ‘यू-व्हॅल्यू’ (किती उष्णता आरपार जाते त्याचे माप; आकडा कमी तितके चांगले) असा एकच रकाना आहे. आमच्या नावापुढे ०.९६ आहे, वरच्या आणि खालच्या कंपनीपुढे ०.७. वाचणारा साहजिकच समजतो की आमच्या खिडकीतून त्यांच्यापेक्षा एक तृतीयांशाहूनही अधिक जास्त उष्णता जाते. पण आमचा आकडा अख्ख्या खिडकीचा आहे आणि त्यांचे आकडे नुसत्या काचेच्या मधल्या भागाचे. आमच्या खिडकीतली काचसुद्धा ०.७ चीच आहे.

आपली तांत्रिक समिती हे जाणतेच, तरी सूची वापरणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक नसते, म्हणून हिशेब मांडतो. १.२३ मीटर रुंद आणि १.४८ मीटर उंच खिडकी घ्या. चौकटीची जाडी चारही बाजूंनी १२ सेंटिमीटर धरली तर काच उरते साधारण १.२३ चौरस मीटर आणि चौकट भरते ०.५९ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. शिवाय काचेच्या कडेने ४.४६ मीटर लांबीची शिवण असते, जिथे दोन काचांमधला स्पेसर (अंतर राखणारी पट्टी) उष्णतेला वाट देतो. आमची चौकट १.२ यू-व्हॅल्यूची आहे आणि स्पेसर कमी उष्णता वाहणारा आहे, त्याची कडेची गळती मीटरमागे ०.०४. आयएसओ १००७७ या, खिडकीची यू-व्हॅल्यू काढण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सूत्रात हे सगळे घातले की ०.९६ येते. आता तीच ०.७ ची काच १.८ च्या चौकटीत आणि ॲल्युमिनियमच्या स्पेसरवर (०.०८) बसवा. खिडकी १.२५ वर जाते. आपल्या तक्त्यात मात्र तीही ०.७ म्हणूनच झळकेल, आणि तिच्याहून चांगली खिडकी तिच्याखाली दबेल. अशा खिडकीच्या कडा थंडीत गार पडतात, त्यांवर पाणी साचते आणि पुढे बुरशी धरते. ते सोसावे लागते तिथे राहणाऱ्यांना.

आमचे नुकसान कल्पनेतले नाही. एका शाळेच्या इमारतीचे काम आमच्याकडे जवळपास ठरले होते. आर्किटेक्टबाईंनी आपली सूची उघडून मला फोन केला, “तुमची खिडकी इतकी मागे कशी?” मी अर्धा तास समजावले, चाचणीचे अहवाल पाठवले. त्यांना पटलेही, पण तोवर त्यांच्या ग्राहकाने सूचीतला आकडा धरून दुसरीकडे होकार कळवला होता. त्या मुलांच्या वर्गांना कोणती खिडकी बसली ते मला ठाऊक नाही, आणि ही गोष्ट मनातून जात नाही.

यानंतर सभासद विभागाने जे कळवले त्याने जास्त वाईट वाटले. प्रमुख प्रायोजक गटातील सभासद देतात तीच माहिती छापली जाते, आणि आम्हीही वर्गणीचा वरचा स्तर घेतला तर आमच्या उत्पादनासाठी स्वतंत्र पान मिळेल, असे त्या उत्तरात आहे. मला पान नको आहे. वरच्या स्तराच्या सभासदांना मोठा लोगो द्या, परिषदेत पुढची जागा द्या, आमची हरकत नाही. मोजपट्टी मात्र सगळ्यांना एकच हवी. वर्गणी पाहून माप बदलत असेल तर जाहिरातीच्या पत्रकात आणि आपल्या सूचीत फरक काय राहिला?

दुसरी तक्रार छोटी आहे, पण तीही नोंदवतो. सभासदत्वात खिडकी बसवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या २ जागा दरवर्षी मिळतील असे लिहिले होते. यंदा त्या ऐनवेळी रद्द झाल्या. आमच्या फिटरना त्यांची खरी गरज होती. ५० पास्कल दाबाच्या चाचणीत फटींतून तासाला आतल्या हवेच्या ०.६ पटच हवाबदल, ही पॅसिव्ह हाउस या अतिशय कमी ऊर्जा लागणाऱ्या इमारतींच्या मानकाची मर्यादा गाठायची तर चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातली टेप नीट बसावीच लागते. ते कसब हाताने करूनच येते, पुस्तिका वाचून येत नाही.

आमची मागणी अशी. रकान्याचे दोन रकाने करा, एक काचेचा आणि एक संपूर्ण खिडकीचा. ज्यांनी दुसरा आकडा दिलेला नाही त्यांच्यापुढे ती जागा कोरी ठेवा. जमल्यास काचेतून आत येणाऱ्या सूर्याच्या उष्णतेचा आकडाही द्या, कारण उष्ण हवामानात नुसत्या यू-व्हॅल्यूवर खिडकी निवडणे धोक्याचे असते. ज्यांना ज्यांना सूची पाठवली त्या सर्वांना दुरुस्तीपत्रक पाठवा. वर्गणीच्या स्तरावरून तांत्रिक माहिती ठरते की नाही, याचे उत्तर तांत्रिक समितीच्या सहीने लेखी द्या. प्रशिक्षणाच्या २ जागा पुढच्या तुकडीत भरून द्या.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. तोवर पुढील वर्षाची वर्गणी आम्ही थांबवत आहोत. दुरुस्ती झाली की ती त्याच दिवशी भरू. नव्या तक्त्याची आखणी आणि आकड्यांची पडताळणी यासाठी माणूस हवा असेल तर आमचा डिझाइन इंजिनिअर आठवडाभर विनामूल्य देण्याची तयारी आहे.

आपला विश्वासू,
संचालक,
खिडक्या-दारे उत्पादक सभासद कंपनी

सोबत: चाचणी अहवाल, वरील हिशेबाची प्रत, सभासद विभागाशी झालेला पत्रव्यवहार