बाई, तो बोळा अजून स्पीकरमध्येच आहे

प्रिय बाई,

इथे अमेरिकेत, मेम्फिसमध्ये, शिक्षिकेला आडनावाने हाक मारतात. आमच्याकडे शाळेत 'बाई'च म्हणतात, तेव्हा रागावू नका. पत्र मराठीत आहे, लेक वाचून अर्थ सांगेल. आईचं म्हणणं इंग्रजीत पोचवायची तिला सवय आहे.

आधीच्या शाळेत रॉक अँड रोल अर्ध्या पानात उरकलं होतं. 1954, गायक एल्विस प्रेस्ली, झालं. ज्या शहरात हे घडलं तिथेच अर्धं पान! "त्याच्या आधी काय होतं?" असं तिने विचारलं, तर "ते परीक्षेला नाही." जुन्या बाजारातून आणलेला अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, वर्गात नेला, तर स्पीकरचा कागदी कोन फाटलेला बघून "असलं भंगार आणू नकोस." त्या दिवशी गिटार कपाटावर गेली ती आठ महिने खाली आली नाही.

तुम्ही बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचं 1952 मध्ये रेकॉर्ड झालेलं 'हाउंड डॉग' आधी ऐकवलंत, एल्विसचं 1956चं मागाहून. कृष्णवर्णीय गायक आर्थर क्रडपचं 'दॅट्स ऑल राइट' 1946चं. एल्विसने ते इथल्याच सन स्टुडिओत गायलं, आणि क्रडपच्या हाती पैसे जवळजवळ आलेच नाहीत. हे सांगताना पोरीला जेवणाचं भान नव्हतं. ब्लूजमध्ये, म्हणजे त्या कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यांत, ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं, हे तिने मला ओट्यावर थाप मारत शिकवलं. भाजी करपली.

पण आभार मानायचे आहेत ते त्या अ‍ॅम्पसाठी. तिने बिचकतच तार जोडली, अ‍ॅम्प खरखरला, पोरं हसली. तुम्ही हातातला टिपणांचा कागद चुरगळलात, फरशीवर बसून तो फाटक्या कोनात कोंबलात आणि म्हणालात, "आता वाजव." मग 'रॉकेट 88' या गाण्याची गोष्ट. मार्च 1951, आयक टर्नरचा बँड मिसिसिपीहून मेम्फिसला येत होता, वाटेत अ‍ॅम्प बिघडला. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि ती घरघर तशीच रेकॉर्ड केली. तबकडीवर मात्र नाव गायक जॅकी ब्रेन्स्टनचं.

उरलेला तास तुम्ही टिपणांशिवाय घेतलात म्हणे. बाई, विद्वान माणसं मी पुष्कळ पाहिली. दुसऱ्याच्या पोरीची मान खाली जाऊ नये म्हणून फरशीवर बसणारं माणूस क्वचित भेटतं. ते बँकेच्या खिडकीत असतं, बसच्या चाकावर असतं, आणि त्याला कोणी पत्र लिहीत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत मी तो बोळा उपसून उलगडला. लेक ओरडत धावत आली. तुमच्या अक्षरात खाली लिहिलं होतं, 'सिस्टर रोझेटा थार्प, वीस मिनिटं.' गिटार वाजवणाऱ्या त्या गायिकेची ती वीस मिनिटं आमच्या स्पीकरपायी राहून गेली असणार. कधी जमलं तर घ्या. बोळा होता तसा परत कोंबलाय.

तुमची,
गिटारवालीची आई